फुसक्या काडतुसाचा तपास

तो रविवार काही केल्या मनातून जात नाही. आमचे हे महाराष्ट्रात फौजदार होते. त्यांच्या सगळ्या केसेस मी जेवताना ऐकल्या, पण ठाण्याची पायरी कधी चढले नाही. डोळ्यांदेखत पाहिलेला तपास एकच, तोही अमेरिकेत, नेपरव्हिलला, शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये. हे केस सांगायचे तशीच लिहिते, आधी खबर, मग जबाब, मग उकल. नावे हे कधी घेत नसत, मीही घेत नाही.

साल दोन हजार पाच. ग्रीन कार्ड मिळून आम्ही मुलाकडे राहायला आलो होतो. शेजारी नागपूरचे एक डॉक्टर, तरुणपणीच इकडे आलेले, आता निवृत्त. बायको वारलेली, मुलगा कॅलिफोर्नियात, आणि एवढ्या मोठ्या घरात डॉक्टर एकटे. त्यांना नाद एकच, रिव्हॉल्वरने कागदावर नेम मारण्याचा. काडतुसे विकत घेत नसत, गॅरेजमध्ये स्वतः भरत. वापरलेली पितळी पुंगळी घ्यायची, बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवायची, मापाच्या यंत्राखाली धरून दारू सोडायची आणि तोंडावर शिशाची गोळी दाबायची.

यांचे तिथे रोजचे जाणे. दोघांचे भांडण गोळीवरून. डॉक्टर चपट्या तोंडाची, मऊ शिशाची गोळी निवडत.

"हिला गोळी म्हणता? पेढा आहे हा," हे म्हणायचे.

"फौजदारसाहेब, तुमची गोळी चोरासाठी. माझी कागदासाठी. टोकदार गोळी कागद फाडते, ही गोल भोक पाडते. स्कोअर मोजायला सोपं."

"आणि दारू एवढीशीच?"

"लवकर जळते, धक्का कमी बसतो. माझं मनगट सत्तरीचं आहे, यार!"

त्या वर्षी डॉक्टरांनी दारू बदलली होती. जुनी पातळ पोह्यांसारखी फुगीर होती. नवी बारीक आणि जड, चपटी खसखस असावी तशी. चिमूटभर पुरायची, एक डबा कितीतरी दिवस चालायचा, म्हणून डॉक्टर खूश होते. पण पुंगळीत डोकावले तर ती तळाशी दिसायची, दिसली तर.

दसरा आला. ठाण्यात दसऱ्याला शस्त्रपूजा असते, ती इथे चुकते याची यांना हळहळ. "डॉक्टर, तुमच्या गॅरेजात करू," म्हणाले. मी हळद-कुंकू, अक्षता आणि फुले नेली. यांनी सोवळे नेसून रिव्हॉल्वरची, काडतुसे भरायच्या यंत्राची, दारूच्या मापाची, कशाकशाची पूजा केली. डॉक्टरांची बायको गेल्यापासून त्या घरात सण झाला नव्हता. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि पेढा खाताना म्हणाले, "हा खरा पेढा."

पुढच्या रविवारी दोघे नेमबाजीच्या रेंजवर गेले आणि जेवणाआधीच परत आले. डॉक्टर आमच्या किचनमध्ये येऊन बसले. चेहरा उतरलेला. मी यांच्याकडे पाहिले.

"गोळी उडाली नाही," हे म्हणाले. "नुसती फुस्स झाली आणि नळीत अडकून बसली. डॉक्टरांनी तिथेच हात थांबवला. मागून दुसरी झाडली असती तर रिव्हॉल्वर हातातच फुटलं असतं."

"वहिनी," डॉक्टर म्हणाले, "पुंगळीत पावडर घालायलाच विसरलो मी. आमच्या दादाचं असंच सुरू झालं होतं. शेवटी त्याने मलासुद्धा ओळखलं नाही." मग म्हणाले, "मुलगा कधीचा म्हणतोय, घर विका, म्हाताऱ्यांच्या होममध्ये राहा. संध्याकाळी फोन करून हो म्हणून टाकतो."

यांनी चहाचा कप खाली ठेवला. "फोन मागाहून. आधी जबाब."

"कसला जबाब? मी कबूल केलंय ना!"

"कबूल करणारे खूप पाहिलेत मी. चला गॅरेजात. तूही चल गं, पंच पाहिजे."

चारचौघांत मला बोलायला जमत नाही, पण पंचाला बोलावे लागत नाही. गेले.

यांनी डॉक्टरांना त्यांच्याच स्टुलावर बसवले. काडतुसे कधी भरली? पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. कोणाचा फोन आला? नाही. मध्ये उठलात? नाही. आधी काय केलं, मग काय केलं? डॉक्टर सांगत गेले. हे तेच पुन्हा उलट्या क्रमाने विचारत गेले. डॉक्टरांचे उत्तर हलले नाही. एका ठिकाणी म्हणाले, "ते नाही आठवत."

हे माझ्याकडे वळून म्हणाले, "विसरणारा माणूस मधल्या जागा बनवून भरतो. डॉक्टरांनी एकही भरली नाही."

मग मापाच्या यंत्रावर बोट ठेवून म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही विसरला असाल तर त्या पुंगळीची दारू वरच्या डब्यातच राहिली. पण वाटेत अडकली असेल तर पुढच्या पुंगळीत पडली असणार. चोरीचा माल कुठेतरी निघतोच."

डॉक्टर स्टुलावरून उठून उभेच राहिले. "म्हणजे उरलेल्यांत एक डबल आहे? अहो, ते उडवलं असतं तर?"

"म्हणून तर झडती. काट्यावर तोलून कळेल?"

"नाही. पुंगळ्याच एकसारख्या वजनाच्या नसतात. फोडावी लागतील."

डॉक्टरांकडे प्लॅस्टिकचा हातोडा होता. त्याच्या पोटात काडतूस घालून लाकडावर ठोकले की गोळी आणि दारू सुटी होऊन आत पडे. एकेक काडतूस असे फोडायचे, आतली दारू वाटीत ओतायची आणि मला दाखवायची. एवढीशी. पुन्हा एवढीशी. बराच वेळ तसेच चालले. डॉक्टरांचा हात थकला तसा हातोडा यांनी घेतला. डॉक्टर हळूच म्हणाले, "राहू द्या, साहेब. मीच विसरलोय." हे ठोकत राहिले.

मग एका वाटीत ढीग पडला. मी न राहवून बोलले, "दुप्पट आहे!"

डॉक्टर त्या वाटीकडे नुसते पाहत राहिले.

"पण अडकली कशाने?" म्हणत यांनी यंत्राची खालची नळी सोडवून घेतली आणि तळहातावर आपटली. आधी थोडी दारू पडली. मग कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा.

डॉक्टरांनी तो चिमटीत उचलला.

"अक्षता," डॉक्टर म्हणाले. "माझ्या पावडर मेजरमध्ये. कोणी वाहिल्या हो?"

मी यांच्याकडे पाहिले. हे छताकडे पाहू लागले. मग टाचा जुळवून, कडक सॅल्यूट ठोकून म्हणाले, "आरोपी हजर आहे, साहेब."

डॉक्टर हसायला लागले. हसता हसता स्टुलावर बसले आणि तोंडावर हात घेतले. खांदे हलत होते. आता ते हसत नव्हते, हे मला कळले. यांनाही कळले असणार, कारण हे नळी पुसण्यात गुंग झाले.

संध्याकाळी डॉक्टरांनी आमच्यासमोरच मुलाला फोन लावला. "घर विकत नाही. पुढच्या दसऱ्याला तू ये. पूजा असते आपल्याकडे. हो, गॅरेजमध्ये. फुलं चालतील, तांदूळ बाहेर!"

ती जड दारू त्यांनी बंद केली आणि पुन्हा पोह्यांसारखी आणली. "ही पुंगळीत डोळ्यांना दिसते," मला म्हणाले, "आणि दुप्पट पडली तर काठावरून सांडते. वहिनी, या वयात चूक झाली तर दिसेल अशीच पावडर घ्यावी."

घरी येताना हे म्हणाले, "नोकरीभर, गुन्हा करून नाही म्हणणारे पकडले. न केलेला गुन्हा पटकन अंगावर घेतो तो म्हातारा माणूस. त्याच्या कबुलीवर केस बंद करू नये."

आता हेच कधी चष्मा शोधत खुर्चीत बसतात आणि म्हणतात, "झालं, माझंही सुरू झालं." मी हातातले काम ठेवते. "अहो, उठा. पंच हजर आहे," म्हणते आणि आधी नातवंडांच्या खोलीची झडती घेते. चष्मा बहुतेक वेळा तिथेच सापडतो.