जर्मनचा वेग सात

फोन आला तेव्हा मी कॉव्हेंट्रीतल्या आमच्या फार्मसीच्या काउंटरवर होते. हॉस्पिसमधली नर्स म्हणाली, सुहास गेले, पहाटे, झोपेतच. रांगेत चार माणसं उभी होती. त्यांची औषधं दिली, मग कोट घातला आणि निघाले. सुहास भाऊजींना हे पटलं असतं. ते माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, मोटारींच्या कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासण्यात सगळी नोकरी केली, आणि आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटेच राहिले. त्यांना जाऊन आता चार आठवडे झाले.

रिटायर झाल्यावर त्यांनी एक बिनपगारी काम धरलं होतं. फुटबॉलचा एक कॉम्प्युटर गेम आहे. त्यात खरेखुरे खेळाडू असतात आणि प्रत्येकाला वीसपैकी गुण असतात, वेगाचे, दमाचे, पासिंगचे, कशाकशाचे. खालच्या डिव्हिजनमधल्या क्लबांचे हे गुण ऑफिसात बसून कुणी ठरवत नाही. त्या त्या भागातला एखादा वेडा दर शनिवारी मैदानावर जातो आणि हंगामात दोनदा तक्ता भरून पाठवतो. आमच्या भागातल्या एका छोट्या क्लबाचे वेडे म्हणजे भाऊजी. "वहिनी, तिकडे ब्राझीलमध्ये कुणी हा गेम खेळत असेल ना, त्याला आपला लेफ्ट बॅक माझ्या डोळ्यांनी दिसतो," असं ते ऐटीत सांगायचे. "आणि किचनमधला गळका नळ तेवढा तुमच्या डोळ्यांना दिसत नाही," मी म्हणायचे.

त्या क्लबात एक जर्मन फॉरवर्ड होता. नाव लांबलचक, म्हणून आमच्या घरात तो नुसता 'जर्मन'. विशीत त्याच्याबद्दल फार बोललं जायचं म्हणे. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तिकडचे दोन-तीन क्लब झाले, आणि तिशीच्या आसपास तो इथे येऊन पोचला. गोल फारसे करायचा नाही, त्यामुळे प्रेक्षकांच्या शिव्या खायचा. भाऊजींचं म्हणणं, गोल बघायला आलेल्यांना तो दिसतच नाही. तो गोलकडे पाठ करून मागे यायचा, त्याच्याबरोबर डिफेंडर ओढला जायचा, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसराच कुणी घुसून गोल करायचा. या कामाला गेममध्ये वेगळा रकाना आहे, बॉल पायाशी नसतानाची हालचाल. तिथे भाऊजींनी त्याला सतरा दिले. गेमवाल्यांकडून ईमेल आली, एवढ्या खालच्या डिव्हिजनमध्ये सतरा कसे? भाऊजींनी तीन पानी उत्तर धाडलं, कोणत्या मॅचमध्ये कितव्या मिनिटाला तो कुठे पळाला त्याचं. सतरा राहिले.

या हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी केमो घ्यायची की नाही हे त्यांच्यावर सोडलं. भाऊजी औषधांची यादी घेऊन माझ्याकडे आले. "वहिनी, तुम्हाला यातलं कळतं. हे बघून खरं सांगा, उपयोग आहे का?" यादी आणि रिपोर्ट बघून मला कळायचं ते कळलं होतं. तरी मी म्हणाले, "घ्या हो. हंगाम संपायच्या आत मैदानावर जाल." त्यांनी यादीची घडी करून खिशात ठेवली. केमो सुरू झाली आणि उलट्यांनी त्यांचं खाणंच सुटलं...

जानेवारीत तक्ता द्यायचा होता आणि भाऊजींना जिना उतरवत नव्हता. "तुम्ही जा," ते म्हणाले.

"मला ऑफसाइडसुद्धा कळत नाही."

"ते बरंच आहे. बॉलकडे बघायचंच नाही. नव्वद मिनिटं फक्त जर्मन."

थर्मास भरून घेतला आणि त्यांच्या सीटवर जाऊन बसले. गर्दीत एकाच माणसाकडे टक लावून बघणं सुरुवातीला विचित्र वाटतं, मग दिसायला लागतं. बॉल यायच्या आधी तो दोनदा खांद्यावरून मागे बघायचा. हात वर करून दुसऱ्याला मोकळी जागा दाखवायचा. तासाभरानंतर मात्र डावा पाय जपून टाकायला लागला, आणि दहा वर्षांनी लहान डिफेंडरने त्याला तीनदा मागे टाकलं. शेवटी त्याला बाहेर काढलं, तर तो बाकावर गुडघ्याला बर्फ बांधून बसला. मला वाईट वाटलं. वेगासमोर मी गेल्या वर्षीचाच आकडा लिहिला, अकरा.

"अकरा?" भाऊजींनी पलंगावरूनच चष्मा वर केला. "कुणी मागे टाकलं का त्याला?"

"तीनदा. पण बिचारा बर्फ बांधून बसला होता हो..."

"वहिनी, तुम्ही अकरा लिहिलेत, तर कुणीतरी त्याला अकराचं पळायला लावणार. त्याच्याने होणार नाही ते. सात लिहा. सतराला हात लावू नका, ते खरे आहेत."

मी खोडून सात लिहिलं. पलंगाशेजारी उलटीचं भांडं होतं, सकाळपासून दोनदा धुतलेलं. मी पेन खाली ठेवलं.

"भाऊजी, त्या यादीबद्दल विचारलं होतंत ना... मी तुम्हालाही अकराच सांगितले."

त्यांनी चष्मा काढून उशाशी ठेवला. "मग आकडा किती?"

"मला वाटतं दोन महिने. केमोने फार फरक पडणार नाही. डॉक्टरांना सरळ विचारू."

"आधी सांगायचंत," एवढंच म्हणाले. रागावले होते, आणि ते बरोबरच होतं. थोड्या वेळाने म्हणाले, "दादाला बोलवा. आणि प्लंबरला सांगा. घर तुम्हाला विकावं लागेल, गळक्या नळासकट कोण घेणार?"

डॉक्टरांशी बोलून केमो बंद केली. दहा दिवसांत ते पोहे मागून खायला लागले. माझ्या नवऱ्याने, म्हणजे त्यांच्या दादाने, त्यांना व्हीलचेअरवरून दोन मॅचेसना नेलं. सात आठवडे मिळाले. त्या उलट्यांत गेलेले आधीचे आठवडे माझ्या नावावर आहेत, ते मी कुणावर ढकलत नाही.

त्यांचा कॉम्प्युटर आता आमच्याकडे आहे. गेममध्ये जर्मनच्या नावापुढे वेग सात आहे, आणि सतरा तसेच. परवाच्या शनिवारी घरच्या मैदानावरची शेवटची मॅच होती, आणि जर्मन खेळणं सोडणार होता, म्हणून त्याचीही शेवटचीच. थर्मास घेऊन मी भाऊजींच्या सीटवर बसले होते. एकदम सगळे ओरडत उठले. जर्मन पार दुसऱ्या टोकाला होता, दोन डिफेंडर अंगावर घेऊन, एक हात वर करून... गोल कुणी केला ते मला शेजारच्याला विचारावं लागलं.