भिंतीवरच्या विमलअक्का

चित्रं काढणाऱ्या आमच्या टोळक्याकडे किस्से काही कमी नाहीत. रविवारी मेहरूणच्या तलावावर स्केचिंगला बसलो की कागद कोरे राहतात आणि गप्पा रंगतात. पण माझ्या एका चित्राचे किस्से सांगताना मला आता हसू येत नाही, डोकं फिरतं.

चित्र साधं होतं. जळगावच्या बाजारात एका शाळेच्या भिंतीच्या सावलीला धरणगावकडच्या विमलअक्का भरताची वांगी घेऊन बसतात, तेवढंच. ती सावली हेच त्यांचं दुकान. उन्हात वांगी दुपारच्या आत सुकतात, मग घेतं कोण?

*

प्रदर्शनाला पुण्याहून एक समीक्षक आले. म्हणाले, "वांगी हिरवी काढलीत. जांभळ्या वास्तवाला दिलेला हा नकार आहे!"

मी म्हटलं, सर, आमच्याकडे भरताचं वांगं हिरवंच असतं. त्यांनी मान डोलावली. लेखात नकारच छापून आला.

*

धुळ्याच्या एका प्राध्यापकबाईंना अक्कांशेजारचं रिकामं पोतं भिडलं. घरी न परतलेला पुरुष, म्हणाल्या. डोळे पुसले. अहो, ते बसायचं पोतं अक्कांच्या यजमानांचं, नानांचं; ते समोर चहाला गेले होते! मी तसं सांगायला लागलो, तर बाई म्हणाल्या, "चित्रकाराने मध्ये बोलू नये."

*

मग आले शहर सुशोभीकरणाचे साहेब. चित्र आवडलं, फक्त बाई जरा हसरी करता येईल का, शहराची इमेज असते, म्हणाले. मी नाही म्हटलं. बरं, नका हसवू, पण हेच चित्र त्याच भिंतीवर मोठं करून रंगवू, म्हणाले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाढव कुठले!

भिंत रंगवायला मोकळी हवी म्हणून अक्कांना उठवलं. रंग वाळला की बसा म्हणाले. रंग वाळला, मग समोर कठडा आला, लायटी आल्या, सेल्फी पॉइंटची पाटी लागली. अक्का टोपली घेऊन चौकात, भर उन्हात.

मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन भांडलो. चांगलाच आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही तर कलाकार. पुढे भाजीवाले बसले तर चित्र दिसेल का?" मी दार आपटून बाहेर पडलो.

*

परवा अक्कांनीच टोपली उचलली, कठडा ओलांडला आणि जुन्या जागी, स्वतःच्याच चित्राखाली जाऊन बसल्या. मी तिथेच होतो. सोनगीरकडचा वॉचमन धावत आला.

"अक्का, उठा. आठे बसानं नही."

अक्कांनी वांगी मांडता मांडता भिंतीवर बसलेल्या बाईकडे बोट केलं.

"मंग हाई कोन शे? हाई तं बठेल शे."

वॉचमनने भिंतीकडे पाहिलं. मग अक्कांकडे पाहिलं.

"तिले परवानगी शे, अक्का. तुमले नही."