गोरक्षनानांचं ऑपरेशनाआधीचं पथ्य

सायखेड्याच्या गोरक्षनानांना कुणी नमस्कार केला, तर आधी त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघून मग नाना हात जोडत. विहिरीवर नवी मोटार बसवली त्या दिवशी मेकॅनिक घरात जेवायला बसला आणि नाना तेवढ्यात विहिरीवर जाऊन सगळे नट पुन्हा आवळून आले. लग्नाचं आमंत्रण आलं की ते पत्रिका उलटी करून बघत. मागे काहीच छापलेलं नसे. पण बघून ठेवलेलं बरं.

त्यांची बायको सुवर्णा म्हणायची, "यमदूत आला तरी त्याला विचारतील, तुला नेमकं कुणी पाठवलं?"

हा संशय जन्मजात नव्हता. नानांची द्राक्षबाग नदीच्या अंगाला होती आणि माल परदेशी जायचा. काही वर्षांपूर्वी घड भरत आले असताना त्यांच्यावर भुरी, पांढरी बुरशी दिसली. नानांनी उशिरा एक फवारणी केली आणि कुणालाच सांगितली नाही. निर्यात कंपनीचा माणूस नमुना घ्यायला आला. हसतमुख पोरगा. "काही नाही नाना, नुसती फॉर्मॅलिटी," म्हणत त्याने चार ओळींतून घड तोडले. रिपोर्ट आला तो नापास. मालात औषधाचा अंश सापडला होता. अख्खी बाग गावच्या बाजारात उतरवावी लागली. पुढच्या वर्षी नानांनी तोडणीच्या पुष्कळ आधी फवारणी बंद केली आणि माल पास झाला. यातून नाना दोन गोष्टी शिकले. हसत हसत नमुना घेणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि वेळेत हात आखडला की औषध अंगात राहत नाही, मग कुणाला सांगायची गरजही पडत नाही.

पुढे करोनात ते मरता मरता वाचले. वर्षभराने उजवा खुबा दुखू लागला. एक्स-रे काढल्यावर डॉक्टर म्हणाले, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा आटलाय, करोनातल्या इंजेक्शनांमुळे असेल कदाचित. सांधा बदलावा लागेल. ज्यांनी वाचवलं त्यांनीच खुबा खाल्ला, असं नानांनी मनात पक्कं केलं आणि ऑपरेशन टाळत राहिले.

टाळता आलं ते भिकनमुळे. फाट्यावर त्याचं मेडिकल होतं. त्याने ट्रामाडॉलची कॅप्सूल दिली, चिठ्ठी मागितली नाही. पहिल्या दिवशी नाना न लंगडता बागेच्या टोकापर्यंत जाऊन आले. आधी एक पुरायची, मग दोन लागू लागल्या. भिकन पुडी कागदात गुंडाळून देताना म्हणायचा, "नाना, माझं नाव कुठं घेऊ नका बरं." असं म्हणणाऱ्या माणसाचाही संशय यायला हवा होता. तो मात्र कधी आला नाही.

कॅप्सूल पंपाच्या खोलीत, फवारणीच्या औषधांच्या कपाटात असायच्या. त्या कपाटाला घरातलं कुणी हात लावत नसे. तिन्हीसांजेला नाना काठी टेकत तिकडे जात, कुलूप काढत, दुसऱ्या दिवसापुरत्या खिशात टाकत आणि थोड्या वेळाने तोंड पुसत बाहेर येत. उशीर झाला की जांभया येत, पाय आतून वळवळत. हे सगळं खुब्याचं, असं ते स्वतःला सांगत.

अलीकडे मात्र ते खोलीतून बाहेर आले की सुवर्णा जवळपास कुठेतरी दिसे. कधी ओळीत वाकून तण काढत असे, कधी पाइप बघत असे. एकदा नानांनी विचारलंच, "तुझं इकडं काय काम?"

"तुमचं काय काम? हंगाम संपला, फवारणी कशाची?"

"कपाट बघत होतो."

"रोज?"

नाना काठी टेकत घराकडे वळले. हिला कुणीतरी लावून दिलंय, एवढं त्यांनी ताडलं.

शेवटी पाय टेकवेना, तेव्हा ऑपरेशनला होकार द्यावा लागला. नाशिकच्या त्या रुग्णालयात आधी भुलीच्या डॉक्टरांनी तपासायचं असतं. डॉक्टर मनीषा वयाने त्यांच्या भाचीएवढ्या. त्या हसतमुख होत्या. नाना तिथेच सावध झाले.

"दारू घेता, नाना?"

"नाय."

"तंबाखू?"

"सोडली."

"कधी?"

"आत्ता गेटवर," सुवर्णा म्हणाली. "चूळ माझ्याच बाटलीतल्या पाण्यानं भरली."

डॉक्टर हसल्या. "बरं. दुखण्यासाठी काय घेता?"

"तेल लावतो."

"खुब्याचा गोळा पार चेपलाय तुमचा. एवढ्यात माणूस रडतो. आणि तुम्ही नुसत्या तेलावर चालता?"

"शेतकऱ्याचं हाड हाय मॅडम."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. नानांनी मान तिरकी करून वाचायचा प्रयत्न केला, पण अक्षर डॉक्टरचं होतं. मग एका मुलाने वेगवेगळ्या रंगांच्या टोपणांच्या नळ्यांत रक्त भरलं.

"यात काय काय सापडतं रे?"

"सगळं सापडतं नाना. का, काय लपवलंय?"

पोरगा गमतीने बोलला. नानांनी झटकन बाही खाली ओढली. निघताना डॉक्टर म्हणाल्या, "भरती झालात की रक्त पुन्हा एकदा घेऊ."

गाडीत नानांनी सगळा हिशेब जुळवला. नळ्या, हसू, पुन्हा नमुना, सगळं अगदी तसंच होतं. रक्तात कॅप्सूल सापडली की हे ऑपरेशन नापास करणार. म्हणणार, नशेबाज आहे, घरी न्या. मग उरलेला जन्म ओट्यावर बसून काढायचा. उपाय त्यांना माहीत होता. तोडणीआधी फवारणी बंद करायची. त्या दिवसापासून नानांनी कॅप्सूल बंद केली, आणि तीही एकदम.

पहिला दिवस जांभयांत गेला. दुसऱ्या दिवशी डोळ्यांतून आणि नाकातून पाण्याची धार लागली. सर्दी, असं नाना म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळपासून जुलाब, उलटी, दरदरून घाम. अंगावर काटा आला तो जाईना. खुब्यात तर कुणी पहार घालून फिरवत होतं. अंश बाहेर पडतोय, निचरा होतोय, असं म्हणत ते दात आवळून पडून राहिले.

दुपारी सुवर्णाने त्यांना बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिने काही विचारलं नाही. वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला. मग पंपाच्या खोलीकडे धावत गेली. कुलूप फोडल्याचा आवाज नानांनी अंथरुणातून ऐकला. ती परत आली तेव्हा तिच्या हातातल्या पिशवीत काहीतरी होतं.

"रोहित! गाडी काढ! ओझरला नको थांबू कुठं, नीट नाशिकला घे!"

पुतण्या रोहितने नानांना अक्षरशः उचलून गाडीत घातलं. आता ही मला थेट त्या लोकांच्या हवाली करणार, नाना मनात म्हणाले. पण बोलायची ताकद नव्हती.

तातडीच्या विभागात सुवर्णाने पिशवी टेबलावर ठेवली. त्यात कीडनाशकाची अर्धी बाटली होती.

"यांनी फवारणीचं औषध प्यायलंय," ती म्हणाली आणि मग तिला रडू फुटलं.

ड्यूटीवरच्या डॉक्टरने बाटली वाचली, नर्सला पोट धुवायची नळी आणायला सांगितली. "पोलिसांना कळवावं लागेल. किती वेळ झाला घेऊन?"

"मी कायबी प्यायलो नाय!" नाना ओरडले.

"सगळे हेच म्हणतात, काका."

"खोटं बोलतायत ते," सुवर्णा म्हणाली. "दोन महिने मी बघतेय. रोज तिन्हीसांजेला त्या कपाटापाशी जायचे. ओट्यावर बसले की म्हणायचे, असल्या जगण्यात काय अर्थ हाय. मी द्राक्षाच्या ओळीत लपून बसायची. बाहेर आले की जीव भांड्यात पडायचा. मला वाटलं, आता ऑपरेशन ठरलंय, आता नाय करायचे..."

नाना तिच्याकडे बघतच राहिले. हिला कुणीच लावून दिलं नव्हतं. तण काढायचं ते निमित्त, ही आपल्या मरणावर पहारा देत होती.

तेवढ्यात डॉक्टर मनीषा आल्या. आपल्या यादीतला पेशंट आणलाय, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी नानांच्या डोळ्यांवर बॅटरी मारली, हातावरचा काटा बघितला, पुन्हा बॅटरी मारली.

"नळी थांबवा," त्या म्हणाल्या. "या औषधाच्या विषबाधेत डोळ्यांच्या बाहुल्या बहुतेक वेळा टाचणीएवढ्या होतात. यांच्या तर मोठ्या झाल्यात. नाना, तुम्ही काही प्यायला नाहीत. तुम्ही काहीतरी बंद केलंय."

नानांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"काय बंद केलंत?"

"आधी मला सांगा," नाना म्हणाले, "माझ्या रक्ताचा रिपोर्ट काय आला?"

"चांगला आला. साखर जराशी वर आहे."

"आणि ते?"

"ते कोणतं?"

आपण स्वतःच दार उघडलं, हे नानांना बोलल्यावर कळलं. आता मागे सरायला जागा नव्हती. त्यांनी सांगितलं. कॅप्सूल, कपाट, सगळं. भिकनचं नाव तेवढं घेतलं नाही. रक्तात अंश सापडला तर तुम्ही नापास कराल म्हणून निचरा करत होतो, असंही सांगितलं.

डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. "नाना, आम्ही तुमच्या रक्तात कॅप्सूल शोधलीच नव्हती. आणि सापडली असती तरी ऑपरेशन रद्द झालं नसतं. ही अफूच्या जातीची औषधं. शरीराला सवय लागली की एकदम तोडता येत नाहीत. मला फक्त माहीत हवं. दिवसाला किती घेत होतात?"

"दोन," नाना म्हणाले.

"बरं. दोन धरून मी तयारी करते." आणि त्या उठल्या.

"तपासणार नाय तुम्ही?"

"कशाला? तुम्ही सांगितलंत ना."

त्या दारापर्यंत गेल्या आणि नाना कोपरावर उठले. त्यांनी सांगितलेला पहिला आकडा आजवर कुणी मानला नव्हता. बाजारात नाही, सोसायटीत नाही. तेही कुणाचा मानत नसत. माणूस निम्मं सांगणार, समोरचा दुप्पट धरणार, म्हणजे बरोबर होतं, असा त्यांचा कायमचा अंदाज. ही बाई निम्म्याहून कमी आकडा घेऊन निघाली होती, आणि त्यावर नानांचा जीव ठरणार होता.

"मॅडम, थांबा."

डॉक्टर वळल्या.

"दोन सकाळी उठल्याबरोबर. दिवसभरात आणखी सहा."

सुवर्णाने पदर तोंडाशी धरला. "आठ!"

डॉक्टर परत येऊन बसल्या. "बरं झालं सांगितलंत. दोन धरून चालले असते, तर शुद्धीवर येताना तुम्ही किंचाळला असतात आणि मला कारण कळलं नसतं. दुखणं थांबवायचं नेहमीचं इंजेक्शन तुम्हाला पाण्यासारखं वाटलं असतं. शिवाय आठ खूप होतात. एवढ्यात कुणाला झटकेही येतात." त्यांनी बेत सांगितला. ऑपरेशन आठवडाभर पुढे. कॅप्सूल पुन्हा सुरू, पण नर्सच्या हातून आणि जरा कमी. पायाच्या नसेजवळ बधिर करायचं वेगळं इंजेक्शन. आणि ऑपरेशननंतर खुबा भरून आला की सावकाश, काही महिन्यांत, कॅप्सूल पूर्ण सुटेपर्यंत कमी करत जायचं.

नानांनी मान डोलावली. पण स्वभाव काही आठ दिवसांत बदलत नाही.

ऑपरेशनच्या सकाळी पलंगाच्या डोक्याशी पाटी लावली होती, पाणीही द्यायचं नाही. आणि नर्स एका हातात घोटभर पाणी, दुसऱ्या हातात कॅप्सूल घेऊन आली.

"उपाशी ठेवलंय ना मला?"

"ही घ्यायचीय. मॅडमनी सांगितलंय."

नाना कॅप्सूल निरखू लागले. परीक्षा तर नसेल? घेतली की म्हणतील, बघा, सुटत नाही याला. त्यांनी कॅप्सूल तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि ती गालात दाबून धरली. नर्स निघून गेली.

डॉक्टर मनीषा हिरव्या कपड्यांत आल्या. "घेतली नाना?"

गालात कॅप्सूल विरघळू लागली होती, कडू. या बाईने आठ म्हटल्यावर आठ धरले होते, आणि आज या 'हो'वर ती सुई भरणार होती. मग नानांनी मान वर करून ती कोरडीच गिळली. घशात अडकली, खोकला आला, पण गेली.

"घेतली," ते म्हणाले. "आत्ता घेतली. आधी गालात होती."

डॉक्टर हसल्या, सुईसाठी हात तपासू लागल्या. सुवर्णा मात्र पुढे झाली, पलंगाच्या कठड्यावर वाकली.

"आ करा."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. आ करा. जीभ वर करा."

नानांनी जीभ वर केली. तिने मोबाईलचा उजेड टाकून दोन्ही गाल नीट बघितले, आणि मगच वॉर्डबॉयला पलंग न्यायला वाट दिली.