आत्याचं मशीन

आत्या कुबडी घेऊन चालते, पण शिवणकामात तिचा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही. ‘अपंगांना काम द्या’ असा व्हिडिओ करायचा म्हणून बाबांनी तिला आपल्या शर्टांच्या कारखान्यात मशीनवर बसवलं. व्हिडिओत काय फुगले होते! “ही आमची कारागीर!” लोकांनी तोंडभर कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या कारखान्याच्या दारात हजर. “दादा, कालचंच मशीन ना माझं?”

“अगं, ते नुसतं शूटिंग होतं,” बाबा पुटपुटले. सगळी मशिनं थांबली. बाबांना मान वर करवेना. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

“हो का? मीच खुळी,” आत्या हसली. “डबा दोघांचा आणलाय. तुझा ठेवून जाते.”