उचललेल्या तुकड्यांची साक्ष

बाबा पेणमध्ये गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायचे. मूर्ती कोणीही घडवो, कोणीही रंगवो, डोळ्यांची काळी रेघ मात्र त्यांच्या हातची असायची. त्यांचा तो उजवा हात एका ट्रकने निकामी केला आणि त्याची भरपाई मिळवायला आम्हाला दोन वर्षं भांडावं लागलं.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. गणपतीला आठवडा राहिला होता. रोह्याच्या एका दुकानदाराचा माल घेऊन आम्ही टेम्पोने गेलो होतो. गल्ली अरुंद, म्हणून नाक्यावर मूर्ती उतरवून हातगाडीवर चढवल्या. हमाल रस्त्याच्या कडेने गाडी ओढत होता, बाबा मूर्तींना हात लावून बाजूने चालत होते आणि मी पुढे वाट मोकळी करत होतो. मागून एका रसायन कारखान्याचा माल घेऊन निघालेला ट्रक आला आणि गाडीला घासला. आवाज ऐकून मी वळलो तोवर गाडी डावीकडे, गटाराच्या अंगाला कलंडली होती आणि तिच्या कडेखाली बाबांचं मनगट होतं.

रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं. दुपारी मी नाक्यावर परतलो तर रस्ता स्वच्छ. आसपासच्या बायांनी सगळे तुकडे टोपल्यांत भरले होते. भंगलेला देव रस्त्यात पडू द्यायचा नाही, ही आपली रीत. टोपल्या नदीवर निघाल्या होत्या. मी मीठ कामगार संघटनेच्या आणि अंधश्रद्धाविरोधी पत्रकांवर वाढलेला मुलगा, देव मानत नव्हतो. तरी एक टोपली मीही डोक्यावर घेतली. बाबांनी डोळे आखलेली मूर्ती लोकांच्या पायाखाली येणं मलाही बघवेना.

संध्याकाळी पंचनाम्याला हवालदार आले. दाखवायला काही उरलंच नव्हतं. हातगाडी कडेला उभी करून ठेवलेली. ट्रकचालकाने सांगितलं की हातगाडी गल्लीतून एकदम रस्त्याच्या मधोमध आली. आमचा हमाल म्हणाला तसं नाही, पण तो पडला आमचा माणूस.

मी त्याच आठवड्यात पत्रक छापलं. 'भांडवलशाहीच्या चाकाखाली कारागिराचा हात!' पेणच्या वकीलबाईंकडे गेलो तेव्हा ते अभिमानाने टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"छान आहे. यात ट्रकचा नंबर कुठाय?"

"नंबर नाही लिहिला."

"हातगाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला होती, ते?"

मी पत्रक पुन्हा चाळलं.

"सहा ठिकाणी उद्गारचिन्ह आहे, आणि एक पुरावा नाही. कोर्ट सभेला येत नाही रे. बस, पहिल्यापासून सांग."

मी सांगितलं. तुकडे नदीत सोडल्याचं सांगताना मान खाली गेली. पुरावा मी स्वतःच डोक्यावरून वाहून बुडवला होता. बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"उचलले कोणी?"

"नाक्यावरच्या बायांनी. पण त्यांनी अपघात पाहिला नाही."

"मी ते विचारलंच नाही. उचलले कोणी, आणि कुठून?"

मध्यंतरी ट्रकच्या विमा कंपनीचा माणूस पेणला घरी आला. अर्धी चूक तुमची होती एवढं लिहून द्या, महिन्याभरात मिटवतो, म्हणाला. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "मिटवा. कोर्टात जल्म जाईल आपला." आमच्या मूर्तींच्या कारखान्याची जागा भाड्याची होती, आणि बाबांचा हात गेल्यापासून ती टिकण्याची खात्री नव्हती. मी भाषणाच्या तयारीत होतो, पण बाबा आधी बोलले.

"मी कडेला होतो. अर्धाबिर्धा नाय."

दावा अलिबागला चालला. आमची साक्षीदार होती तुकडे उचलणाऱ्या बायांतली, नाक्यावर सुकी मासळी विकणारी एक मावशी, खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या घरातली. साक्षीची तारीख लागल्यावर मी तिला बोलवायला गेलो तेव्हा तिने आधी मलाच झापलं होतं. "दोन वरसं झाली, आता आठवली व्हय रं मी?" पण आली. नवीन लुगडं नेसून, पिशवीत भाकरी घेऊन.

विमा कंपनीचे वकील उठले. "तुम्ही ट्रक गाडीला लागताना पाहिला?"

"नाय. माझी पाठ होती."

"मग पाहिलं काय?"

"काय नाय पायलं. आवाज आयकला नि टोपली रिकामी करून धावले. हातपाय गोला केले."

"कोणाचे हातपाय?"

"गनपतीचे! मानसाचे कशाला गोला करू?"

कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीशांनीही कागदाआड तोंड लपवलं. वकील चिडले. "तुकडे रस्त्यावर सगळीकडे पसरले होते, हे खरं ना?"

"खोटं. समदे गटाराच्या कडंला. दोन सोंडा तर गटारात हात घालून काढल्या. कपारीत बोट रायलं तर पाप, म्हनून आमी तिघींनी रस्ता पार पलीकडपर्यंत धुंडाळला. मदी एक कपचा नव्हता."

"दोन वर्षांनी एवढं आठवतं?"

"तुमी कवा देव उचललाय का हो गटारातनं? इसरून दाखवा."

तिच्यामागोमाग उरलेल्या दोघीही तेच सांगून गेल्या. हातगाडी मधोमध असती तर मूर्ती मधोमध फुटल्या असत्या, एवढंच वकीलबाईंनी शेवटी मांडलं. आवाजही चढवला नाही. मला वाटत होतं आमच्या रीतीने पुरावा बुडवला. पण त्या रीतीमुळेच तीन बायांनी तो रस्ता पंचांपेक्षा बारकाईने पाहिला होता. पत्रकांतून मला हे कोणी शिकवलं नव्हतं. पुरावा माणसांत असतो, आणि त्यासाठी माणसांना विचारावं लागतं.

निकाल लागला. संपूर्ण दोष ट्रकचालकाचा, आखणी हे कसबी काम, आणि भरपाई त्याच हिशेबाने. पैसे यायला आणखी काही महिने गेले, पण आले. कारखाना राहिला.

पुढच्या हंगामात बाबांनी आखणीला आईला बसवलं. ती वर्षानुवर्षं रंग कालवत आली होती, पण आमच्या आळीत तेव्हा डोळ्यांना बाई हात लावत नसे. शेजारचे दोन कारागीर दारात येऊन उभे राहिले. एक जण म्हणाला, "बाईमाणसाच्या हातचे डोळे? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

बाबा स्टुलावरून म्हणाले, "एक वकील बाई, तीन साक्षीदार बाया. चौघींनी माझा दावा जिंकला. आता पाचवीनं डोळे काढले तर तुमचं काय जातंय?"

"भाषन नंतर," आई म्हणाली. "आधी मूर्ती जरा उजेडाकडं फिरवा."