आत्याचं वजन शून्याखाली

धुळ्यात एका महाराजांनी पत्रक वाटलं: ‘विज्ञान हरले! न्यूट्रिनोचे वजन शून्याखाली!’ खाली त्यांच्या शून्यऊर्जा यंत्राचा फोटो आणि किंमत. आमच्या घरी पत्रकाला उत्तर पत्रकानंच देतात. आबांनी, म्हणजे वडिलांनी, मला मुळाक्षरं ‘जाहीर निषेध’वरून शिकवली असं आई म्हणते. मी त्याच दिवशी जळगावात उत्तर लिहिलं आणि हजार प्रती छापून घेतल्या. तिसरी ओळ ठळक: ‘वजन शून्याखाली आल्याची बातमी धादांत खोटी आहे.’

आबांचा नियम असा की छापण्याआधी पत्रक रावेरच्या आत्याला वाचून दाखवायचं. ती केळीच्या पॅकिंगला जाते. तिला कळलं नाही, तर दोष लिहिणाऱ्याचा. मी आधी छापलं, मग गेले. रविवारी धुळ्यात आमची सभा होती, आणि क्रांतीला उशीर चालत नाही.

आत्या वजनकाट्यावर ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्रॉलीत बसलेली सापडली. मी शेजारी चढले आणि सुरू केलं. न्यूट्रिनो हा कण इतका हलका की एकेकटा तोलता येत नाही. पण विश्वात ते अगणित आहेत, आणि सुसाट पळतात, एका जागी गोळा होत नाहीत. त्यांचं वजन जितकं जास्त, तितकी आकाशगंगांची दाटी विरळ राहते. म्हणून शास्त्रज्ञ ती दाटी आणि विश्वाचं फुगणं मोजून हिशेबानं त्यांचं वजन काढतात.

“भरेल ट्रॉली वजा रिकामी ट्रॉली,” आत्या म्हणाली आणि काटेवाल्याकडे वळली. “मंग आमनं बी काढ रे भाऊ!”

त्यानं बटण दाबलं. आम्ही दोघी मिळून वजा साठ किलो भरलो.

आत्या लग्न होऊन रावेरला आली तरी बोली धुळ्याचीच. “मी शेच नही का रे? तीन भाकरी खाईसन बठेल शे!”

“अक्का, काटा बरोबर आहे,” तो म्हणाला. “रिकाम्या ट्रॉलीचं वजन आम्ही एकदाच करतो, दर वेळी तेच वजा होतं. तुम्ही नंतर तिचे फाळके, म्हणजे बाजूच्या लोखंडी फळ्या, काढले. मला काय स्वप्न पडणार?”

आत्या हसून हसून लोळली. मग थांबली. “त्या आभाळवालास्नी रिकामं वजन कधी करेल शे?”

 शास्त्रज्ञांचे ते निष्कर्ष मी वाचलेच नव्हते. महाराज म्हणाले म्हणजे खोटं, एवढाच माझा पुरावा. भक्तांचाही असाच असतो, फक्त उलटा.

तिथेच मोबाइलवर शोधलं. बातमी खरी निघाली. आकाशाच्या नव्या मोजणीत ते वजन शून्याला चिकटत होतं, आणि गणिताला मोकळं सोडलं तर शून्याखाली घसरत होतं. पृथ्वीवरचे प्रयोग तर सांगतात की न्यूट्रिनोला थोडं का होईना वजन आहेच. मग चुकतंय कुठे? हिशेबात एक गोष्ट कायम धरलेली आहे: विश्वाला फुगवणारी कृष्ण ऊर्जा कधीच बदलत नाही. ती काळानुसार बदलते असं धरलं, तर वजनाला शून्याच्या वर पुन्हा जागा मिळते. बदलते की नाही, हे अजून ठरायचं आहे. फाळके कुणी काढले, की काढलेच नाहीत, कुणाला ठाऊक नाही.

आबांना फोन करून सगळं सांगितलं. “वाटून टाकू का? भाषेत जोर चांगला आलाय.”

“जोर बैलातही असतो. ओळ खोड. हजार प्रतींवर. आणि एकच रेघ मार, चूक वाचता आली पाहिजे.”

“महाराज जिंकल्यासारखं दिसेल, आबा.”

“नाही खोडली तर आपण आणि ते सारखेच दिसू. कसं दिसायचंय तुला?”

मी ओळ खोडायची, आत्यानं समासात लिहायचं: ‘ही आमची चूक. शून्याखालची बातमी खरी. यंत्र खोटं.’ आत्या चौथी शिकलेली. शंभराव्या प्रतीनंतर तिनं न विचारता भर घातली: ‘मीबी शून्याखाले भरनू. काय बिघडनं?’

रविवारी आत्याही सभेला आली. तिथे महाराजांचा एक माणूस आमचं पत्रक फडकवत आला. “म्हणजे आमचे महाराज खरं बोलले ना?”

“अर्धं,” मी म्हटलं. कान तापले होते, पण म्हटलं. “उरलेलं अर्धं ते विकतात.”

त्यानं समास पुन्हा वाचला. “आणि ही शून्याखाली कोण भरली?”

आत्या पुढे सरसावली. “मी. तुना यंत्रवर ठेव मले, दखू काय म्हणस ते.”