काडतुसांना कुंकू

नवी रायफल हातात आली तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. नळी एकाकडची, दस्ता दुसऱ्याकडचा, आणि दोन्ही जुळवून देणारा गनस्मिथ इतका सावकाश, की इथे इंग्लंडात, ब्रॅकनेलच्या ऑफिसात माझी चेष्टा सुरू झाली होती. काडतुसं मात्र मी घरीच भरतो. पितळी पुंगळीत पावडर तोलून घालायची, वर गोळी बसवायची, आणि सगळी अगदी एकसारखी हवीत. वाऱ्याने तराजूचा काटा हलू नये म्हणून मी खिडक्या लावतो, श्वाससुद्धा जपून घेतो. "पोह्यांत मीठ घालताना कुठे जाते रे ही अक्कल?" असं बायको विचारते.

आमच्या नेमबाजी क्लबच्या टीममध्ये एकच जागा रिकामी होती आणि तिच्यासाठीची ट्रायल नेमकी खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी आली. ती जागा मला हवीच होती. पुण्याहून आलेली आई म्हणाली, "घरात शस्त्र आहे आणि पूजा नाही?" मी हरखूनच गेलो. रायफल आणि ट्रायलची काडतुसं टेबलावर मांडली आणि शेजारीच ओट्याशी शिरा ढवळत उभा राहिलो. वळून बघतो तर आईने एकेका काडतुसाला तेलात कालवलेलं कुंकू लावलेलं, अगदी निगुतीने.

"आई, अगं, उद्या हीच वापरायचीत."

"मग वापर की. बाहेरूनच लावलंय. आत तुझं आहे तसंच आहे."

मी एकेक काडतूस पुसत बसलो. तेल राहून चालणार नव्हतं, आणि पुसताना गोळी जराशी जरी हलली तरी नेम गेलाच. भीती वाटत होती आणि हसूही आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रेंजवर भुरभुर पाऊस होता. चटईवर पालथा पडलो, चाप ओढत गेलो. आमचा म्हातारा कॅप्टन फार बोलत नाही. त्याने दुर्बिणीतून टार्गेट पाहिलं, पुन्हा पाहिलं. सगळी भोकं एकमेकांना चिकटली होती.

"वेल, यू आर इन," तो म्हणाला.

मी ओल्या गवतात चक्क नाचलो. मग घरी फोन लावला.

"आई," एवढंच म्हणता आलं. हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"हुकलं ना? असू दे रे. पुढच्या वर्षी बघू. जेवलास का?"

लहानपणी प्रत्येक स्पर्धेत मी हरायचो आणि ती हेच बोलायची. जिंकल्यावर काय बोलायचं ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. म्हणून थोडा वेळ मी तिला तसंच बोलू दिलं.